डोंगरभर गवत, दावणीला वैरण नाही
सातपुड्यातील रोशा गवताची ओळख

नंदुरबार, प्रतिनिधी

पावसाळा सरत आला की सातपुड्याच्या मोकळ्या, उन्हाळ उतारांवर पुरुषभर उंचीचे एक गवत फुलोऱ्यावर येते. आरंभी त्याचे तुरे निळसर पांढरे दिसतात. थंडीची चाहूल लागते तसतसे ते तांबूस होत जातात आणि वाऱ्याबरोबर डोंगराचा उतारच हलतो आहे असा भास होतो. पायवाटेने जाताना पात्यांना अंग घासले तर गुलाबाची आठवण करून देणारा, किंचित तिखट असा वास हाताला लागतो. शहरातून आलेला पाहुणा हे दृश्य पाहून सहज म्हणून जातो, की एवढे गवत असलेल्या मुलखात गुरांना काय तोटा! गुराख्याला मात्र वस्तुस्थिती ठाऊक असते. तुऱ्यावर आलेल्या या गवताच्या ठोंबांना वळसा घालून गुरे त्यांच्या सावलीतील आखूड, अर्धवट वाळलेले गवत शोधत फिरतात.

या गवताचे नाव रोशा. काही भागांत त्याला तिखाडी असेही म्हणतात, तर संस्कृत ग्रंथांत ते रोहिष या नावाने ओळखले जाते. आजचा नंदुरबार जिल्हा पूर्वीच्या खानदेशात मोडत असे, त्या काळी या गवताच्या तेलाने खानदेशचे नाव युरोपच्या अत्तरबाजारापर्यंत नेले होते. दिसायला देखणे, वासाला सुगंधी, तेलाला मौल्यवान, परंतु वैरण म्हणून जवळजवळ कुचकामी, असा या गवताचा विरोधाभास आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. शेती आणि पशुधन हाच बहुतेक कुटुंबांचा आधार असल्याने डोंगरावरील गवताला वैरण समजावे की आणखी काही, हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा राहत नाही.

गवती चहाचा भाऊबंद

वनस्पतिशास्त्रात रोशा गवताचे नाव 'सिम्बोपोगॉन मार्टिनी' असे आहे. शहरी वाचकाला या कुळाची ओळख स्वयंपाकघरातूनच झालेली असते. पावसाळी सकाळी आल्याबरोबर उकळत्या पाण्यात पडणारा गवती चहा हा याच कुळातील. डासांना पळवून लावणाऱ्या तेलासाठी प्रसिद्ध असलेले सिट्रोनेला गवतही याच कुळातले आहे. उन्हाळ्यात माठातील पाण्याला गंध देणारा वाळा हा थोडा दूरचा नातलग म्हणता येईल. मात्र वाळ्याचा सुगंध मुळांत असतो, तर रोशाचा सुगंध पानांत आणि मुख्यतः फुलोऱ्यात साठलेला असतो.

रोशा हे बहुवर्षायू गवत आहे. उन्हाळ्यात वरचा भाग वाळून गेला तरी जमिनीतील ठोंब जिवंत राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर त्यातून नवे कोंब फुटतात. पूर्ण वाढलेले ताट दीड ते अडीच मीटर उंच जाते. पान रुंद असून त्याचा तळ हृदयाच्या आकाराचा असतो आणि तो काडीला मिठी मारल्यासारखा वेढतो. गवती चहा आणि रोशा शेजारी ठेवले असता फरक ओळखण्याची ही सोपी खूण आहे. पाण्याचा निचरा होणारी मुरमाड जमीन आणि भरपूर ऊन त्याला मानवते.

या गवताच्या दोन जाती व्यापारात प्रसिद्ध आहेत, 'मोतिया' आणि 'सोफिया'. पूर्वी असे समजले जाई की या एकाच गवताच्या दोन अवस्था आहेत. कोवळे, निळसर पांढऱ्या तुऱ्याचे ते मोतिया आणि पिकून तांबडे झालेले ते सोफिया. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आय. एच. बर्किल या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही दोन निराळी वाणे असल्याचे दाखवून दिले. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल या गुलाबगंधी द्रव्याचे प्रमाण पुष्कळ, सर्वसाधारणपणे ७५ ते ९० टक्के असते. या तेलाला जगाच्या बाजारात 'पामरोजा' म्हणतात. सोफियाच्या तेलात हे द्रव्य अल्प असते. त्याचा वास निराळा आणि भावही कमी. हे तेल 'जिंजरग्रास' या नावाने विकले जाई.

शोभेचे गवत आणि वैरण

गेल्या काही वर्षांत शहरांतील बागांमध्ये, हॉटेलांच्या आवारात आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर शोभेची गवते लावण्याची पद्धत रूढ झाली आहे. पाणी कमी लागते, निगा फारशी करावी लागत नाही आणि वाळलेले तुरे फुलदाणीत महिनोन्महिने टिकतात, ही त्यामागील कारणे होत. दक्षिण अमेरिकेतील पांढऱ्या पिसाऱ्याचे पंपास आणि आफ्रिकेतील झुपकेदार तुऱ्यांचे फाउंटन ग्रास ही त्यांतील परिचित नावे. रोशाचा फुलोराही त्यांच्या पंक्तीत बसण्याजोगा आहे. भरपूर ऊन असलेल्या अंगणात किंवा मोठ्या कुंडीत तो सुखाने वाढतो.

परंतु देखणे गवत पाहून ते गुरांच्याही कामी येईल असे गृहीत धरण्याची किंमत इतर देशांनी मोजलेली आहे. न्यूझीलंडमध्ये वाऱ्यापासून आडोसा आणि जनावरांना चारा म्हणून पंपास लावले गेले. पुढे तेच जंगलतोडीच्या जागांवर माजले आणि तेथील सरकारला त्याच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. हवाई बेटांवर विसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी आणलेले फाउंटन ग्रास कोरड्या लाव्हाभूमीवर पसरले. चारा म्हणून त्याचा उपयोग थोडा आणि वाळल्यावर वणव्याला खाद्य मात्र भरपूर, असा अनुभव तेथे आला. रोशा हे आपल्या मातीतील गवत असल्याने त्याला परकीय आक्रमक म्हणता येत नाही. तथापि गवताचे सौंदर्य आणि त्याची पोषकता यांचा परस्परांशी काही संबंध नसतो, हा धडा येथेही तितकाच लागू पडतो.

गुरे तोंड का लावत नाहीत?

याची कारणे मुख्यतः दोन. पहिले कारण तेल. वनस्पती सुगंधी द्रव्ये माणसाच्या अत्तरासाठी बनवीत नाहीत. किडे, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून बचाव हे त्यांचे एक प्रमुख कार्य मानले जाते. जिरॅनिऑलसारखी द्रव्ये सूक्ष्मजीवांची वाढ रोखतात. गायी, म्हशी आणि शेळ्या यांची पचनक्रिया तर कोठीपोटातील अब्जावधी सूक्ष्मजीवांवर अवलंबून असते. तंतुमय गवत फोडून त्यातून शक्ती मिळवून देण्याचे काम हे सूक्ष्मजीवच करतात. त्यांच्याच कामात अडथळा आणणारा चारा जनावराने उग्र वासावरून टाळावा, यात नवल नाही.

दुसरे कारण वयाचे. डोंगरउतारावरील बहुतेक बहुवर्षायू गवतांचा पौष्टिकपणा फुलोऱ्यानंतर झपाट्याने उतरतो. काडी कठीण होते, पानांचे प्रमाण घटते आणि प्रथिने तीन-चार टक्क्यांवर येतात. कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना आपले काम नीट करता यावे यासाठी चाऱ्यात साधारण सात टक्के प्रथिने आवश्यक असतात, असे पशुआहारशास्त्र सांगते. त्याखालील चारा पोटात अधिक काळ पडून राहतो. जनावराचे पोट भरलेले दिसते, परंतु अंगी काही लागत नाही. रोशाची ताटे जाड आणि उंच असल्याने हा दोष त्याच्यात अधिक जाणवतो.

याचा अर्थ गुरे रोशाला कधीच तोंड लावत नाहीत, असा नव्हे. पावसाच्या आरंभी फुटलेले कोवळे कोंब ती खातात. टंचाईच्या दिवसांत, दुसरे काही न मिळाल्यास, वाळलेल्या पात्यांनाही तोंड घालतात. मात्र तो काळ थोडा असतो आणि ज्या उन्हाळ्यात वैरणीची खरी गरज असते, तेव्हा हे गवत कामी येत नाही.

मार्टिनसाहेबांचे निरीक्षण

या संदर्भात एक जुनी नोंद विचार करायला लावते. गवताच्या शास्त्रीय नावातील 'मार्टिनी' हा शब्द लखनौत स्थायिक झालेले फ्रेंच सेनाधिकारी क्लॉड मार्टिन यांच्या स्मरणार्थ आहे. लखनौचे 'ला मार्टिनिएर' विद्यालय ज्यांच्या देणगीतून उभे राहिले, ते हेच मार्टिन. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत असताना बालाघाटच्या पठारी प्रदेशात त्यांनी या गवताचे बी गोळा केले. ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांच्यापर्यंत पोहोचले. रॉक्सबर्ग यांनी जी हकीगत नोंदविली, ती आजच्या समजुतीच्या उलट आहे. त्या प्रदेशातील गुरे हे गवत अधाशीपणाने खात आणि त्याचा वास इतका तीव्र असे, की त्यांच्या मांसाला, दुधाला आणि लोण्यालाही तो येई, असे मार्टिन यांना आढळले होते.

ही विसंगती कशी समजून घ्यावी? गवताचे वय, ऋतू, वाण आणि जनावराची भूक या चार गोष्टींनी चाऱ्याची गोडी ठरते. लष्करी मोहिमेबरोबर चालणाऱ्या भुकेल्या गुरांनी कोवळ्या रोशावर ताव मारला असेल, तर त्यात अशक्य असे काही नाही. पण याच नोंदीचा उत्तरार्ध दुभत्या जनावरांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. ज्या चाऱ्याने दुधाला आणि लोण्याला वास येतो, तो चारा दूध विकणाऱ्या कुटुंबाला परवडणारा नाही. म्हणजे गुरांनी रोशा खाल्ला नाही तर प्रश्न, आणि खाल्ला तरी प्रश्न उरतोच.

खानदेशातील भट्ट्या

जे गवत गुरांच्या कामाचे नव्हते, त्यातून माणसाने पैसा कसा काढला, याचे वर्णन मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश खंडात आढळते. हा धंदा प्रथम पिंपळनेर परिसरात होता. हे गाव आज धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात आहे. पश्चिम खानदेशात गवत मुबलक असल्याने पुढे नंदुरबार, तळोदा, शहादा आणि अक्राणी या भागांतही भट्ट्या लागू लागल्या. तेल काढणारे मुख्यतः मुसलमान कारागीर होते.

पावसाळा संपून गवत तुऱ्यावर आले की कामाला सुरुवात होई. वाहत्या ओढ्याच्या काठी चूल बांधून त्यावर लोखंडी कढई ठेवीत. तीत पाणी घालून गवताच्या पेंढ्या ठासून भरीत. वरचे झाकण उडदाच्या पिठाच्या लगद्याने लिंपून वाफेला बाहेर पडायला जागा ठेवीत नसत. झाकणातून निघालेल्या पोकळ बांबूच्या नळीने वाफ दुसऱ्या भांड्यात जाई. हे भांडे ओढ्याच्या गार पाण्यात बुडविलेले असल्याने वाफेचे पाणी होई आणि त्यावर तेलाचा तवंग जमे. तो तवंग अलगद काढून घेतला म्हणजे तेल तयार. आजची पोलादी ऊर्ध्वपातन यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

कातडी बुधल्यांत भरलेले हे तेल बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारी घाटाने सुरतेकडे, तसेच धुळे मार्गाने मुंबईकडे रवाना होई. आज सुरत-नागपूर महामार्गावरून कोंडाईबारी घाट उतरणाऱ्या वाहनांत बसलेल्यांना या वाटेचा हा सुगंधी इतिहास क्वचितच ठाऊक असतो.

गुलाबाच्या अत्तरातील पाहुणा

मुंबई बंदरातून हे तेल तांबड्या समुद्रातील बंदरांकडे आणि तेथून तुर्कस्तानात जाई. कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारातून ते युरोपात पोहोचत असल्याने तेथील व्यापारी त्याला 'तुर्की जिरॅनियम तेल' म्हणत. हे तेल तुर्कस्तानचे नसून हिंदुस्थानातील एका डोंगरी गवताचे आहे, ही गोष्ट युरोपातील ग्राहकांना बराच काळ ठाऊक नव्हती. जिरॅनियम नावाच्या फुलझाडाशी तर त्याचा काहीच संबंध नव्हता.

या तेलाची खरी मागणी भेसळीसाठी होती. तुर्की साम्राज्यात आणि बल्गेरियात गुलाबाचे अत्तर तयार होई. ते सोन्याच्या मोलाचे असल्याने त्यात स्वस्त आणि समान गंधाचे रोशाचे तेल मिसळले जाई. काही वेळा तर ऊर्ध्वपातनापूर्वीच गुलाबाच्या पाकळ्यांवर ते शिंपडीत, म्हणजे भेसळ ओळखणे अधिक कठीण होई. नियतीचा विनोद असा, की हे भेसळीचे तेलही भेसळीतून सुटले नाही. मुंबईच्या बाजारात पोहोचेपर्यंत त्यात टर्पेंटाइन किंवा खोबरेल मिसळलेले असे.

स्थानिक पातळीवर सांधेदुखी आणि कंबरदुखीवर चोळण्यासाठी या तेलाचा वापर होत असे. डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ग्रंथातही त्याची दखल घेतलेली आहे.

विसाव्या शतकात चित्र पालटले. जावा बेटातील सिट्रोनेला तेलातून जिरॅनिऑल मिळू लागले. पुढे टर्पेंटाइनमधील घटकांपासून ते कारखान्यांत कृत्रिमरीत्या तयार होऊ लागले. रानातील गवत कापून, लाकूड जाळून काढलेल्या तेलाला या स्पर्धेत टिकणे अवघड होते. अत्तर, साबण आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी नैसर्गिक तेलाची मागणी आजही आहे, परंतु ती मुख्यतः शेतात लागवड केलेल्या गवतातून भागविली जाते.

गवत वाढले म्हणजे कुरण सुधारले असे नव्हे

डोंगरावर रोशा दिसणे याचा कुरणाच्या दृष्टीने अर्थ काय, हा या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. देशातील गवताळ प्रदेशांचे वर्गीकरण करणारा दाबडघाव आणि शंकरनारायण यांचा ग्रंथ १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार महाराष्ट्रासह द्वीपकल्पाचा बहुतांश भाग 'सेहिमा-डायकॅन्थियम' या प्रकारात मोडतो. या वर्गाची नावे ज्या गवतांवरून पडली, ती म्हणजे शेतकऱ्यांच्या परिचयाची पवन्या आणि मारवेल. दोन्ही उत्तम चाऱ्याची गवते आहेत.

कुरणावर मर्यादेपेक्षा जास्त गुरे चरू लागली की प्रथम बळी जातो तो याच चवदार गवतांचा. गुरे त्यांना निवडून, मुळाशी खातात. त्यांना फुलायला आणि बी टाकायला उसंत मिळत नाही. त्यांची जागा मग कुसळी गवतासारखी दुय्यम गवते घेतात. कुसळी कोवळी असताना चालते, पण पिकल्यावर तिची अणकुचीदार कुसळे जनावरांच्या तोंडात आणि कातडीत रुततात. याच रिकाम्या जागेत रोशाचेही फावते. ज्याला कोणी खात नाही, त्याला बी टाकायला पूर्ण मोकळीक असते.

त्यामुळे पावसाळ्यानंतर दुरून हिरवागार दिसणारा डोंगर फसवा असू शकतो. उंच, दाट रोशा हे समृद्ध कुरणाचे लक्षण नसून अनेकदा ते थकलेल्या कुरणाचे लक्षण असते. कागदोपत्री 'गवताळ क्षेत्र' म्हणून जेवढी जमीन दाखविली जाते, तेवढी सर्व चाऱ्याची मानली तर हिशेब चुकणारच.

वैरणीचा साधा हिशेब

एका उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल. तीनशे किलो वजनाच्या बैलाला शरीराच्या वजनाच्या अडीच टक्क्यांप्रमाणे रोज साडेसात किलो कोरडा चारा लागतो असे धरले, तर मार्च ते मे या तीन महिन्यांत त्याला सुमारे पावणेसात क्विंटल वैरण हवी. बैलजोडी असेल तर साडेतेरा क्विंटल. रोजच्या चाऱ्यात सात टक्के प्रथिने हवीत, म्हणजे सव्वापाचशे ग्रॅम. हाच चारा तीन टक्क्यांचा असेल तर प्रथिने मिळतात अवघी सव्वादोनशे ग्रॅम. शिवाय असा कठीण चारा जनावर पोटभर खाऊ शकत नाही, ही त्यातील आणखी मेख आहे.

याचा परिणाम दिसतो तो जूनमध्ये. पेरणीच्या ऐन मोसमात बैल खंगलेले असतात. ट्रॅक्टर पोहोचत नाही अशा डोंगरउतारावरील शेतात नांगर ओढायचा असतो तो याच बैलांनी. पेरणी चार दिवस लांबली तर पावसाची ओल हातची जाते. वैरणीचा प्रश्न अशा रीतीने थेट घरातील धान्याशी जोडलेला आहे. वैरण विकत घ्यावी तर पदरचे पैसे मोडावे लागतात, आणि जनावर विकावे तर पुढच्या हंगामाचे काय, असा पेच उभा राहतो.

तेलाचा मार्ग आणि त्याच्या मर्यादा

रोशाचा खरा उपयोग तेलासाठी आहे हे उघड आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'तृष्णा', 'पीआरसी-१' यांसारखे लागवडीचे सुधारित वाण विकसित केले आहेत. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २०१७ पासून राबविलेल्या 'अरोमा मिशन'मध्येही पामरोजाचा समावेश आहे. हलक्या, कोरडवाहू जमिनीवर येणारे, एकदा लावले की काही वर्षे उत्पन्न देणारे आणि मोकाट गुरांपासून फारशी राखण न लागणारे पीक, असे त्याचे वर्णन करता येते. गुरे तोंड लावत नाहीत हा कुरणातील दोष शेतात गुण ठरतो, तो असा.

मात्र या मार्गातील खाचखळगेही लक्षात घेतले पाहिजेत. शंभर किलो ओल्या गवतातून हाती येते ते साधारण अर्धा किलो किंवा त्याहूनही कमी तेल. एवढे गवत दूरवर वाहून नेणे परवडत नाही. त्यामुळे ऊर्ध्वपातन यंत्र गावाजवळच हवे. यंत्राला इंधन लागते. ते डोंगरावरील झाडे तोडून मिळवायचे ठरले, तर एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने गमावण्यासारखे होईल. तेल काढून उरलेले चिपाड वाळवून भट्टीत जाळणे किंवा त्याचे आच्छादन व खत करणे हा त्यावरील एक उपाय आहे. हे चिपाड चांगली वैरण म्हणून मात्र गणता येत नाही. शिवाय मोतिया आणि सोफिया यांची सरमिसळ झाली की तेलाचा भाव पडतो.

रानातील गवताबाबत हक्काचा मुद्दाही आहे. पंचायत क्षेत्र विस्तार कायदा १९९६ साली आणि वनहक्क कायदा २००६ साली झाला. या कायद्यांनी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना व वननिवासी समाजांना गौण वनोपजावरील अधिकार मान्य केले आहेत. वनहक्क कायद्यात पारंपरिक चराईचा हक्कही अंतर्भूत आहे. म्हणजे कोणते गवत कापावे, कोठे गुरे चारावीत आणि कोणता भाग राखावा, याचा निर्णय घेण्यास गावाला आता कायद्याचा आधार आहे.

राखलेल्या रानाचा धडा

असा निर्णय गावाने घेतला तर काय घडू शकते, याचे उदाहरण दूर नाही. एके काळी रोशाच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पिंपळनेरच्याच परिसरात, साक्री तालुक्यात बारीपाडा हे आदिवासी गाव आहे. १९९० च्या दशकात ग्रामस्थांनी एकत्र येऊन कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचे नियम केले, दंड ठरविले आणि रानाची राखण स्वतःकडे घेतली. चारशे हेक्टरांहून अधिक वन त्यांनी पुन्हा उभे केले. या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ साली 'पद्मश्री' जाहीर झाली.

कुरणांच्या बाबतीतही सूत्र हेच आहे. डोंगराचे भाग पाडून एक भाग पावसाळाभर बंद ठेवला, तर पवन्या आणि मारवेल यांना बी टाकायला अवसर मिळतो. गरजेप्रमाणे मारवेलचे ठोंब आणि स्टायलोसारखे द्विदल चारापीक मुद्दाम लावता येते. पवन्यासारखी गवते फुलोऱ्यावर असतानाच कापून त्यांची गंजी रचली, तर उन्हाळ्यासाठी बरी वैरण हाती राहते. पाण्याची सोय असलेल्यांना राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'यशवंत', 'फुले जयवंत' यांसारखे संकरित नेपियर गवताचे वाण उपलब्ध आहेत. वाळलेल्या निकस चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया करण्याची पद्धतही जुनी आणि सिद्ध आहे. शंभर किलो चाऱ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि तो तीन आठवडे हवाबंद ठेवतात. मात्र प्रमाण चुकल्यास विषबाधेचा धोका असल्याने हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावे लागते.

रोशा : एका दृष्टिक्षेपात

• शास्त्रीय नाव : सिम्बोपोगॉन मार्टिनी
• अन्य नावे : तिखाडी, रोहिष, तेलाचे व्यापारी नाव पामरोजा
• स्वरूप : बहुवर्षायू, ठोंबाने वाढणारे, दीड ते अडीच मीटर उंच
• फुलोरा : पावसाळ्याच्या अखेरीस व हिवाळ्याच्या आरंभी, पिकल्यावर तांबूस
• जमीन : निचऱ्याची, मुरमाड, भरपूर ऊन आवश्यक
• तेलातील मुख्य घटक : जिरॅनिऑल (मोतिया वाणात)
• वैरण म्हणून : केवळ कोवळेपणी, तीही दुय्यम, दुभत्या जनावरांना टाळावी

रोशा गवताला उपटून टाकण्याचे कारण नाही. उताराची माती ते धरून ठेवते, डोंगराला शोभा आणते आणि योग्य जागी, योग्य पद्धतीने लावल्यास चार पैसेही मिळवून देते. त्याच्यापाशी मागू नये ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे गुरांचे पोट. खानदेशातील जुन्या कारागिरांनी हे ओळखले होते. म्हणून त्यांनी या गवताच्या पेंढ्या दावणीकडे न नेता भट्टीकडे नेल्या. पुढच्या वेळी तोरणमाळच्या वाटेवर तांबूस तुऱ्यांनी डोलणारा उतार दिसला, तर त्याचे सौंदर्य जरूर पाहावे. त्याच वेळी त्या उतारावरील गुरे कोणत्या गवताकडे वळतात, याकडेही लक्ष द्यावे. डोंगर किती हिरवा आहे यापेक्षा त्यात वैरण किती आहे, हे ती अधिक अचूक सांगतात.